ब्रेस्ट पंप, शनिवार-रविवार आणि तो २४ मिलिमीटरचा फनेल

कामावर पुन्हा रुजू व्हायच्या आधी शनिवार-रविवारी थोडं थोडं दूध काढून साठवायचं, एवढंच काम. बाळाला धरायला दुसरं माणूस घरात असतं ते याच दोन दिवसांत. पंपाची जुळणी, भांडी उकळणं, पिशव्यांवर तारीख टाकणं हे सगळं सरळ होतं. घोडं अडतं ते फनेलपाशी, म्हणजे स्तनावर लावायच्या नरसाळ्यापाशी. माहितीपुस्तिकेत त्याबद्दल एकच ओळ असते : ‘योग्य आकाराचा फनेल वापरा.’ योग्य म्हणजे केवढा आणि तो ठरवायचा कसा, यावर अवाक्षर नाही. माझा राग अजूनही त्या ओळीवरच आहे.

बहुतेक पंपांच्या खोक्यात २४ किंवा २८ मिलिमीटरचा फनेल येतो. हा आकडा म्हणजे फनेलच्या मधल्या नळीचा आतला व्यास. स्तन लहान की मोठा याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही, त्यामुळे ‘अंगानं भरलेल्या बाईला मोठा फनेल’ हा विकणाऱ्याचा सल्ला खुशाल सोडून द्या. मोजायचं ते निपलच्या बुडाशी, भोवतीचा काळसर भाग धरायचा नाही. पाजल्यावर किंवा पंप केल्यावर निपल फुगलेलं असतं, म्हणून माप आधी घ्या. आलेल्या आकड्यात ० ते ३ मिलिमीटर मिळवा, तो तुमचा फनेल. दोन्ही बाजू वेगळ्या मोजा, फरक असू शकतो. माझ्या फनेलचा आकडा १९ निघाला, म्हणजे खोक्यातला २४ चा फनेल तब्बल ५ मिलिमीटर मोठा. अशा वेळी नवा फनेल घ्यायलाच हवा असं नाही, आत बसणाऱ्या सिलिकॉनच्या रिंगा वेगळ्या मिळतात. महिन्या-दोन महिन्यांनी माप बदलू शकतं, तेव्हा पुन्हा मोजा.

मापाची खरी परीक्षा पंप चालू असताना होते. निपल नळीत मोकळं मागेपुढे सरकायला हवं. भोवतीचा काळसर भाग बराचसा आत ओढला जात असेल तर फनेल मोठा. निपल कडेला घासत असेल, नंतर पांढरं पडत असेल, बुडाशी गोल वळ उठत असेल तर लहान. मोठ्या फनेलमध्ये आत ओढलेला भाग सुजतो आणि दुधाच्या वाहिन्या दाबल्या जातात. लहान फनेलमध्ये दुखतं, आणि दुखलं की पान्हा सुटत नाही, कारण पान्हा सोडणारं ऑक्सिटोसिन वेदना आणि ताण दोन्हींनी अडतं. दोन्हीकडे बाटलीत जेमतेम तळ झाकला जातो आणि घरातलं कुणीतरी लगेच ‘दूधच कमी आहे’ असा निकाल देऊन मोकळं होतं. बाळाचं वजन नीट वाढत असेल, दिवसभर लंगोट नीट ओले होत असतील, तर पंपाच्या बाटलीवरून दुधाचा निकाल लावू नका. बाळ ओढतं तसं यंत्र ओढत नाही.

फनेल बरोबर असूनही ओढ कमी वाटली तर मोटरला दोष देण्याआधी व्हॉल्व्ह बघा. बदकाच्या चोचीसारखा सिलिकॉनचा तुकडा असतो तो. त्याची चीर एरवी घट्ट मिटलेली हवी. उजेडासमोर धरून फट दिसली तर तो संपला. रोज उकळल्यानं आणि आतून ब्रश फिरवल्यानं ही चीर सैल पडते. ब्रश तिथे घालूच नका, साबणाच्या पाण्यात खळबळून पुरतं. नेहमी वापरात असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी बदलावा लागतो, म्हणून एक जोडी जास्तीची असू द्या. मागच्या पातळ पडद्यावर पाण्याचा थेंब राहिला तरी ओढ जाते. पंपाला जोडलेल्या हवेच्या नळीत बाफ धरली असेल तर दूध काढून झाल्यावर फक्त नळी लावून पंप दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, सुकते. मला पंप दुरुस्तीला पाठवायला सांगितलं गेलं होतं. काम झालं ते बोटाएवढ्या व्हॉल्व्हनं, हे आजही अभिमानानं सांगते.

ओढ पूर्ण वाढवली की दूध जास्त येतं हा समज चूक. दुखणार नाही अशी जास्तीत जास्त पातळी ठेवा. सुरुवात जलद-हलक्या मोडवर, पान्हा सुटून धार लागली की सावकाश-खोल मोडवर. धार मंदावली की परत एकदा हलका मोड लावला तर पुष्कळदा दुसरा पान्हा येतो. एकूण १५ ते २० मिनिटं पुरेत.

वेळ सकाळची. रात्री दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक जास्त असतं, त्यामुळे पहाटे-सकाळी दूध भरपूर येतं. सकाळी पाजल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं बसा, म्हणजे पुढच्या वेळेला बाळासाठीही राहतं. पाजल्यानंतरच्या पंपात ३० ते ६० मिलिलिटर निघालं तरी ते उत्तम आहे. भराभर साठा करायच्या नादात दिवसभर पंप लावू नका : शरीर तेवढंच जास्त दूध बनवू लागतं आणि मग दूध दाटणं, गाठी, ताप. दुखरी गाठ आली तर जोरानं रगडू नका, गार शेक द्या. ताप किंवा लाली असेल तर डॉक्टर.

किती लागेल? एक ते सहा महिन्यांच्या, फक्त आईच्या दुधावरच्या बाळाला तासाला साधारण ३० मिलिलिटर धरा. आठ तास बाहेर म्हणजे २४० मिलिलिटरच्या आसपास. फ्रीझर भरून ठेवायची काही गरज नाही. पिशव्या ६० ते १२० मिलिलिटरच्याच भरा. मोठी पिशवी वितळवली आणि बाळानं अर्धीच घेतली की जीव जळतो, कारण तोंड लावलेलं दूध दोन तासांत टाकून द्यावं लागतं. गोठताना दूध फुगतं, म्हणून वर थोडी जागा सोडा आणि पिशवी आडवी गोठवा.

ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिने उत्तम राहतं. म्हणजे रविवारचं दूध सोमवार-मंगळवारसाठी गोठवायचं कशाला? फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवा, दारात नको. कोमट ताजं दूध थेट गार दुधात ओतू नका, आधी गार करा. वितळलेलं दूध पूर्ण वितळल्यापासून २४ तासांत वापरा, पुन्हा गोठवू नका. मायक्रोवेव्ह नकोच, मध्येच चटका देणारे भाग राहतात. कोमट पाण्यात पिशवी धरा आणि वर आलेली साय हलकेच फिरवून मिसळा.

बाटली रुजू व्हायच्या आदल्या दिवशी सुरू करू नका, दोन-तीन आठवडे आधी हवी. दुसऱ्या कुणी द्यावी, सगळ्यात कमी धारेचं निपल लावून, बाळाला बसतं धरून, बाटली जवळजवळ आडवी ठेवून, मध्ये मध्ये थांबत.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं : काहींच्या दुधाला गोठवून वितळवल्यावर साबणासारखा वास येतो. दुधातल्या लायपेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) स्निग्धांश फुटतात. दूध खराब झालेलं नसतं, पण काही बाळं तोंड फिरवतात. गोठवल्यावर यावर उपाय नाही. गोठवायच्या आधी, कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवून झटकन गार केलं तर वास येत नाही. म्हणून साठा सुरू करताना एकच छोटी पिशवी गोठवा, आठवड्यानं वितळवून हुंगा, आणि मगच बाकीच्या भरा.