कोणाच्या बाजूचा?

शनिवार, रात्र

बायबलातल्या यहोशवाच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय सध्या मनातून जातच नाही. जिंकायचं ते यरीहो शहर समोर दिसतंय, लढाई तोंडावर आलीय, आणि इस्राएलाचा पुढारी यहोशवा, त्याला उपसलेली तलवार घेऊन उभा असलेला एक पुरुष दिसतो. तो सरळ पुढे होतो आणि विचारतो, तू आमच्या बाजूचा की आमच्या वैऱ्यांच्या? उत्तर येतं, नाही. मी परमेश्वराच्या सैन्याचा सेनापती म्हणून आलो आहे. यहोशवा तिथल्या तिथे जमिनीवर पालथा पडतो आणि विचारतो, माझ्या स्वामीची आपल्या दासाला काय आज्ञा आहे? आज्ञा मिळते ती एवढीच, की पायातला जोडा काढ. यरीहोचा तट कसा पडणार, सहा दिवस एकेक फेरी आणि सातव्या दिवशी सात फेऱ्या, हे सगळं त्यानंतरच्या अध्यायात येतं.

आमच्या घरातल्या जमिनीच्या लढाईत हा प्रश्न फार बोचतो. कारण आमचा वैरी कोणी परका नाही, ह्यांचे थोरले भाऊ आहेत. दादा त्याच मंडळीत येतात, त्याच प्रभूच्या मेजावरून भाकर घेतात. गेल्या रविवारी मी डोळे मिटून बसले होते, पलीकडच्या बाकावर मोठ्या जाऊबाईही डोळे मिटून बसल्या होत्या. त्या कोर्टाच्या तारखेसाठीच प्रार्थना करत असणार. मीही तेच करत होते. एकाच देवाकडे दोन्ही घरांचे अर्ज चाललेत आणि दोघांचंही मागणं एकच, की आमच्या बाजूनं उभा राहा.

मामंजी मृत्युपत्र न करता गेले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्या आधीच गेलेल्या. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो, आणि त्यात मुलगा आणि मुलगी असा फरक नाही. म्हणजे दादा, ह्यांची बहीण आक्का आणि हे, तिघांचे तीन सारखे हिस्से. पण मामंजींच्या चाळिसाव्याच्या प्रार्थनेनंतर थोड्याच दिवसांत आक्कापुढे हक्कसोडीचा कागद आला. बहिणीनं भावांना जमीन सोडून द्यायची, आपल्याकडे असंच चालतं, सही करून टाक. आक्का विधवा आहे, एकच मुलगा, तोही अजून शिकतोय. तिनं सही केली नाही. तिथून हे सगळं सुरू झालं.

वाटपाचा दावा लावायच्या आधी आम्ही दोघांनी पुष्कळ दिवस प्रार्थना केली. नातेवाईक पौलाचं वचन तोंडावर फेकत होते. करिंथच्या मंडळीला तो विचारतो, भाऊ भावावर फिर्याद करतो आणि तीही विश्वास न ठेवणाऱ्यांपुढे, हे काय? त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? हे वचन मी टाळत नाही. पण मला ते वाचताना असं स्पष्ट वाटतं की पौल आपल्याला आपला तोटा सोसायला सांगतो. विधवा बहिणीचा तोटा आपण तिच्या वतीनं सोसून मोकळं व्हावं, असं तो सांगत नाही. आणि त्याच ठिकाणी तो विचारतो की भावाभावांतला निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? म्हणून आम्ही आधी पाळकसाहेबांना आणि मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांना मध्ये घातलं. बैठक ठरली. दादा आले नाहीत. पुन्हा ठरली, पुन्हा आले नाहीत.

त्या दिवसांत गणनेच्या पुस्तकातल्या सलाफहादाच्या मुली माझ्यासमोर आल्या. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप मेला, भाऊ नाही, म्हणून बापाचं नाव कुळातून पुसायचं का, असं त्या सगळ्या मंडळीपुढे उभं राहून मोशेला विचारतात. मोशे स्वतःच्या मतानं उत्तर देत नाही, प्रकरण परमेश्वरापुढे नेतो. आणि परमेश्वर म्हणतो, ह्या मुलींचं म्हणणं बरोबर आहे. आक्काला भाऊ आहेत, म्हणजे तिची गोष्ट तंतोतंत तशी नाही, हे मला कळतं. पण बाईनं वतनाचा हिस्सा मागणं देवाला उद्धटपणा वाटत नाही, एवढं तिथे कळतं. आम्ही दावा लावला, आणि आजही मला वाटतं की त्या वेळची आज्ञा तीच होती.

आता नवीन गोष्ट निघाली आहे. दादा कसतात त्या तुकड्यातला ऊस कारखान्याला गेला. वकीलसाहेब म्हणतात, दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्या उसाचे पैसे कोर्टात जमा करावेत असा अर्ज टाकू, त्याशिवाय समोरची माणसं बोलणीला येणार नाहीत. कायद्याच्या हिशोबानं त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, जमीन तिघांची तर उत्पन्नही तिघांचं. पण त्याच पैशांवर दादांच्या मुलीचं लग्न ठरलंय, ईस्टरनंतर. वकीलसाहेबांना तेही ठाऊक आहे. म्हणून तर ते म्हणाले, नस बरोबर सापडलीय.

हे शब्द ऐकल्यापासून ह्यांना झोप नाही.

परवा रात्री आम्ही शमुवेलाचं दुसरं पुस्तक काढलं, पाचवा अध्याय. दावीद नुकताच सगळ्या इस्राएलाचा राजा झालाय आणि पलिष्टी रफाईम खोऱ्यात येऊन पसरलेत. दावीद परमेश्वराला विचारतो, मी चाल करू का? हो, कर. तो जातो, जिंकतो, त्या जागेला बाल-परासीम नाव पडतं. पलिष्टी पुन्हा येतात, त्याच खोऱ्यात. माणूस असता तर म्हणाला असता, मागच्या वेळी हो म्हणालाच आहेस, आता कशाला विचारायचं. दावीद पुन्हा विचारतो. आणि ह्या वेळी उत्तर वेगळं येतं: समोरून जाऊ नकोस, वळसा घालून मागे जा, झाडांच्या शेंड्यांवरून पावलं चालल्याचा आवाज ऐकू आला म्हणजे हालचाल कर, कारण परमेश्वर तुझ्यापुढे निघालेला असेल.

शत्रू तोच, खोरं तेच, दावीदही तोच. तरी आज्ञा बदलली. प्रभूच्या हाताखाली लढणं म्हणजे हेच, असं मला आता मनापासून वाटतं. एकदा परवानगी घेतली आणि मग पुढची सगळी लढाई आपल्या बुद्धीनं लढलो, याला नेतृत्व मानणं म्हणत नाहीत. दावा लावायला त्यानं पाठवलं म्हणून दाव्यातलं प्रत्येक हत्यार त्यानंच हातात दिलंय असं होत नाही. सेनापती पुढे असेल तर प्रत्येक वळणावर थांबून विचारावं लागतं, आणि उत्तर येईपर्यंत थांबावंही लागतं. मला हे थांबणं सगळ्यात जड जातं. लढाईत काहीतरी करत राहिलं की बरं वाटतं.

आता कोणी विचारील, तुम्हाला आज्ञा ऐकू आली ती कशी? आकाशातून वाणी झाली नाही. प्रभूनं मला सांगितलं असं म्हणणाऱ्यांना जे ऐकू येतं ते नेहमी त्यांच्या सोयीचंच कसं असतं, हे मी लहानपणापासून प्रार्थनासभांमधून पाहत आलेय, म्हणून तसं म्हणायला मी धजत नाही. आमच्या बाबतीत तीन गोष्टी एकत्र आल्या. रोजच्या वाचनात लूकचा बारावा अध्याय आला. गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतनाची वाटणी करून दे म्हणून. येशू म्हणतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? आणि लगेच लोकांना लोभापासून सांभाळायला सांगतो. यरीहोजवळ यहोशवाला मिळालं तेच उत्तर मला इथे दिसलं. प्रभू वाटणीच्या कोणत्याही टोकाला उभा राहिला नाही, पण तिथे जमलेल्या प्रत्येकाच्या मनात काय चाललंय ते त्यानं उघडं केलं.

दुसरी गोष्ट आक्का. तिला अर्जाचं सांगितलं तेव्हा ती पटकन म्हणाली, माझा हिस्सा मला पाहिजे, पण पोरीच्या लग्नाच्या पैशाला मी हात लावू देणार नाही. ज्या बाईवर अन्याय झालाय तीच हे बोलली. आणि तिसरी गोष्ट ह्यांची झोप. अर्ज टाकायचा नाही असं बोलून ठरवलं, त्या रात्री ते झोपले.

यात आमचा तोटा आहे, आणि मला वाटतं आज्ञा खरी आहे की नाही हे पडताळायला तोटा ही वाईट खूण नाही. दादा बोलणीला येतील याची खात्री नाही. कदाचित ते याला आमचा कमकुवतपणा समजतील. शरण गेलं की जिंकतोच, अशी साक्ष आपल्याकडे फार ऐकायला मिळते. पण ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं बघा. आमच्या ह्याच नगरात त्यांनी कितीतरी वर्षं काम केलं, 1917 साली मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ, उभा करायला निघाले आणि 1919 मध्ये वारले. निकाल बघायला मिळाला नाही म्हणून त्यांनी आज्ञा मानली ती वाया गेली, असं मला तरी म्हणता येत नाही.

हे म्हणाले, प्रार्थनेत आता दादांना हरवायचं मागायचं नाही. मग काय मागायचं, असं मी विचारलं. बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी आम्ही यहोशवाचंच वाक्य धरलं, माझ्या स्वामीची आपल्या दासाला काय आज्ञा आहे, आणि त्या मुलीचं नाव घेऊन तिच्या लग्नासाठी प्रार्थना केली. दादांचं नाव घेताना माझा आवाज अजून कोरडाच निघाला. त्यासाठीही त्याच्याचकडे मागावं लागणार.

वाटपाचा दावा चालू राहील, आक्काचा तिसरा हिस्सा आम्ही सोडणार नाही. उसाच्या पैशांचा अर्ज मात्र करायचा नाही. सोमवारी सकाळी वकीलसाहेबांना हे सांगायला जायचं आहे. ते चिडतील. आक्का म्हणाली, मीही येते, माझ्या तोंडानं सांगते.