शब्दवही, चौथा महिना: ऑकवर्ड

या महिन्यात एकाच शब्दावर अडून बसलो आणि त्याचं समाधान आहे. आजवर बेचैनी, संकोच, अडचण सगळ्याला मी सरसकट 'अनकम्फर्टेबल' म्हणायचो. ते मोडायचं ठरवून 'ऑकवर्ड' घेतला.

स्पेलिंग आधी पक्कं केलं: मधे के, दोन्ही बाजूंना डब्ल्यू. मग व्युत्पत्ती पाहिली आणि शब्द उलगडला. 'ऑक' जुन्या नॉर्स भाषेतून आलेला, अर्थ उलट्या बाजूला वळलेलं. पुढचा 'वर्ड' म्हणजे 'फॉरवर्ड', 'बॅकवर्ड' मधला, दिशा दाखवणारा. म्हणजे मुळात 'भलत्या दिशेने'. संकोचाचा अर्थ मागाहून चिकटला.

वहीत मी समोर 'अवघड' लिहिलं होतं. ते निम्मंच खरं. चारचौघांत 'अवघडल्यासारखं झालं' म्हणतो तिथे ऑकवर्ड चपखल बसतो. पण पंगतीत मांडी घालून पाय अवघडले तर ते ऑकवर्ड नाहीत, 'स्टिफ' झाले. अवघड पेपरही ऑकवर्ड नसतो, 'डिफिकल्ट' असतो.

खरा जोडीदार सापडला गेल्या रविवारी. शेजाऱ्यांची कापसाची गादी दोघांनी मिळून खाली उतरवत होतो. वजन फार नव्हतं, पण जिन्याच्या वळणावर ती कुठून धरावी तेच कळेना. एक टोक सावरावं तर दुसरं कठड्यात अडकायचं. काका म्हणाले, "अरे, अडनिडी आहे रे ही." तिथल्या तिथे डोक्यात लख्ख पडलं! अडनिडी वेळ, अडनिडं वय, अडनिडी वस्तू, तिन्ही ठिकाणी इंग्रज माणूस ऑकवर्डच म्हणेल. शब्दकोशातल्या दहा अर्थांपेक्षा मला हे एक वाक्य जास्त उपयोगी पडलं.

'ऑकवर्ड स्क्वॉड' हीसुद्धा टिपून ठेवण्यासारखी जोडी. कवायत अजून नीट न जमलेल्या शिपायांची ती तुकडी. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स १७९६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीजला वारला, तेव्हा 'त्या तुकडीला माझ्या दफनाच्या वेळी सलामीचे बार काढू देऊ नका' असं तो म्हणाल्याचं सांगतात. ब्रिटनमध्ये ज्याच्याशी जमवून घेणं कठीण त्याला 'ऑकवर्ड कस्टमर' म्हणतात. गिऱ्हाईक असायलाच हवं असं नाही.

आता रोज एक वाक्य मोठ्याने बोलतो. 'ऑकवर्ड सायलेन्स' सहज येतो, 'ऑकवर्डली' म्हणताना जीभ अजून अडखळते.

पुढचं पान 'क्वीझी'. समोर मळमळणं, ढवळणं, उमासे येणं असे तीन शब्द मांडलेत. यातला नेमका कुठला, हे तुमच्यापैकी कुणी तपासलं असेल तर जरूर सांगा.