गडचिरोलीचा माल रायपूरच्या गाडीत

महिन्याच्या शेवटच्या दिवशी डेपो मॅनेजरला गोडाऊनबाहेर काढू नये, एवढी साधी गोष्ट मुख्यालयाला कळत नाही. त्या दिवशी वार्षिक स्ट्रॅटेजी मीटिंग वर्धा रोडवरच्या हॉटेलात होती आणि महिन्याच्या हिशेबाचं क्लोजिंग नागपूरला लागून असलेल्या वाडीत, आमच्या गोडाऊनमध्ये.

आमचा माल म्हणजे साबण, डिटर्जंट, चहा, बिस्किटं, टूथब्रश. १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत कंपन्या राज्याराज्यात डेपो ठेवत. परराज्यात थेट विकलं की सी फॉर्म असूनही २ टक्के केंद्रीय विक्रीकर लागायचा, स्वतःच्याच डेपोत हलवलं की एफ फॉर्मवर तो वाचायचा. तो कर गेला, आमचा रायपूरचा डेपो बंद झाला आणि छत्तीसगडही नागपूरच्या गळ्यात पडलं. तेव्हापासून प्रत्येक सादरीकरणात नागपुरातल्या झिरो माइल स्तंभाचा फोटो असतोच. आपण देशाच्या मध्यावर, म्हणजे कुठेही लवकर पोहोचतो, असा त्याचा अर्थ. महिनाअखेरीस वाडीत रिकामी गाडी मिळवून दाखवा म्हणावं.

त्या वर्षीची घोषणा होती 'ग्रामीण प्रथम'. गडचिरोलीचा माल दर आठवड्याला निघालाच पाहिजे. नकाशावर गडचिरोली हा एक ठिपका होता. जिल्ह्याच्या ठिकाणापासून सिरोंचा आणखी दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, असं मी म्हणालो. "तपशील नंतर बघू," असं उत्तर आलं.

जेवणाच्या सुट्टीत, ज्यांनी ती स्लाइड दाखवली त्याच साहेबांनी मला बाजूला घेतलं. "गडचिरोलीची गाडी आज रायपूरला काढा. तिथल्या स्टॉकिस्टचं बिल आजच्या तारखेत पाहिजे." मी त्यांना ढोंगी म्हणणार नाही. त्यांचा इन्सेंटिव्ह महिन्याच्या बिलिंगवर आहे, आठवड्याच्या फेरीवर नाही. स्लाइडवर काहीही असो, संध्याकाळी चारला कुठला माल आधी चढायचा हे तो इन्सेंटिव्हचा तक्ता ठरवतो. आमच्या कंपनीची खरी स्ट्रॅटेजी वाचायची असेल तर तो तक्ता वाचावा.

मी दुपारचं सत्र सोडून वाडीत आलो. गडचिरोलीच्या पेट्यांची थप्पी गाडीला लागलेली, हमाल थांबलेले. मुकादमाला सांगितलं, हे उतरवा, रायपूर भरा. तो म्हणाला, "काऊन साहेब? रायपूरची गाडी वजनानं भरत येते, जागेनं नाही भरत. मागं सात-आठ फूट रिकामंच जाऊन राह्यलं ना."

खरंच होतं. रायपूरची ऑर्डर साबण आणि डिटर्जंटची, म्हणजे जड. गडचिरोलीची चहा-बिस्किटांची, हलकी. रायपूरचा रस्ता साकोलीवरून जातो आणि साकोलीहून लाखांदूर, वडसा, आरमोरी करत गडचिरोलीला रस्ता आहे. त्याने साबण केबिनच्या बाजूला घेतला आणि चहा फाळक्याशी, म्हणजे साकोलीला फाळका उघडला की आधी तोच उतरेल. माझी हरकत वासाची होती. साबणाचा वास चहाला लागला की पूर्ण माल परत येतो, आणि क्लेमचे कागद रंगवत बसावं लागतं. मुकादमाने मध्ये प्लास्टिकचा कागद सोडला आणि टूथब्रशच्या पेट्यांची आडवी भिंत उभी केली. "रायपूरलोक कुठं जायचं हाये चहाला? साकोलीलोकच तं जायचं हाये." 'लोक' म्हणजे आमच्याकडे 'पर्यंत'.

कागदाचं काम माझं. बिलं वेगवेगळी, ई-वे बिलं (जीएसटीतली माल वाहतुकीची ऑनलाइन कागदपत्रं) वेगवेगळी, एका गाडीचं एकत्रित ई-वे बिल वर. दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने रायपूरला दोन दिवसांची मुदत. साकोलीला माल दुसऱ्या गाडीत गेला की ई-वे बिलाच्या भाग 'ब'मध्ये नवा गाडी नंबर टाकायचा. तो विसरला की रस्त्यात तपासणीत गाडी अडकते आणि दंड बसतो. साकोलीच्या डीलरला फोन केला, त्याने रात्रीपुरती जागा दिली. वडसा आणि गडचिरोलीचे डीलर सकाळी आपापल्या पिकअप घेऊन आले.

पुढच्या महिन्यात तेच केलं, त्याच्या पुढच्या महिन्यातही. कुणी परवानगी मागितली नाही आणि कुणी दिलीही नाही. वर्षाने त्याच हॉटेलात आमच्याच या फेरीची स्लाइड आली: 'साकोली स्पोक मॉडेल', खाली तीन बाण. आमचा एमबीए करणारा अकाउंटंट सांगत होता, की मिंट्झबर्ग आणि वॉटर्स या मॅनेजमेंटच्या अभ्यासकांनी १९८५ सालीच लिहून ठेवलंय: काही स्ट्रॅटेजी ठरवून होते, काही करता करता घडत जाते. लिहिलं असेल. पण नंतर ती ठरवून केली होती असं दाखवणारी स्लाइड कोण बनवतो, हे मला विचारा. तिच्यातले आकडे मीच भरून दिले.

त्यासोबत एक फॉर्मही होता, 'उपक्रमाचा जनक'. मी मुकादमाचं नाव टाकायला गेलो, तर रकाना फक्त एम्प्लॉयी कोड घेतो. मुकादम माथाडी मंडळाकडे नोंदलेला, कंपनीच्या पगारपत्रकावर नाही. शेवटी तिथे माझा कोड गेला. मुकादमाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "वाराईचे रेट वाढवून द्या ना साहेब, नाव राहू द्या." वाराईचे, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे, रेट वाढवायची फाइल सध्या मुख्यालयात आहे. इन्सेंटिव्हचा तक्ता मात्र अजूनही बिलिंगवरच चालतो.

आता मुख्यालयाने साकोलीच्या फेरीची एसओपी, म्हणजे कामाची लेखी पद्धत, केली आहे. तिच्यात चहा आणि साबणामध्ये 'टूथब्रशच्या पेट्यांची रांग अनिवार्य' असं छापलंय. परवा टूथब्रश संपले होते, म्हणून नव्या डिस्पॅचवाल्या पोराने गाडी तासभर उभी ठेवली. मुकादमाने झाडूंचे गठ्ठे लावले आणि गाडी काढली. झाडू एसओपीत घालायला कळवावं की नाही, यावर माझं अजून ठरत नाहीये. कळवलं तर पुढच्या वेळी झाडू नसतील तेव्हा गाडी उभी राहील.