रेसिंगमध्ये शिरायचंय? मग आधी कार्टच्या (छोट्या, उघड्या रेसिंग गाडीच्या) टायरची हवा मोजायला लागा

डिप्लोमाच्या नाहीतर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं भेटली की एक प्रश्न ठरलेला असतो, दादा मोटरस्पोर्टमध्ये करिअर करायचंय, परदेशात एमएस करू का, कुठली युनिव्हर्सिटी बरी. मी त्यांना उलटं विचारतो, एखाद्या टीमबरोबर अख्खा रेस वीकेंड काढलायस का कधी? शुक्रवारच्या प्रॅक्टिसपासून ते रविवारी संध्याकाळी शेवटची टूलबॉक्स टेम्पोत चढेपर्यंत? बहुतेकांचं उत्तर नाही असंच येतं, आणि त्यात त्यांची काही चूक नाही, कारण असं काही करता येतं हे कुणी सांगितलेलंच नसतं. वीस-पंचवीस लाखांचं कर्ज काढायच्या आधी फुकटात बघता येईल अशी ही गोष्ट आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

आपल्या देशात रेसिंग छोटं आहे हे आधी मान्य करूया. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट आहे 5.125 किलोमीटरचं, जिथं 2011 ते 2013 फॉर्म्युला वन झाली. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक, साधारण 3.7 किलोमीटर. कोइम्बतूरजवळ चेट्टिपाळयमला कारी मोटर स्पीडवे, 2.1 किलोमीटर. आणि आपल्या कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक, जिथं राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स (सगळ्यांना रोटॅक्स कंपनीचंच इंजिन असलेली स्पर्धा) कार्टिंगच्या फेऱ्या झाल्यात. रॅलीवाल्यांसाठी नाशिक. पण शिकणाऱ्याला हे छोटेपणच फायद्याचं आहे! युरोपातल्या मोठ्या टीममध्ये एक माणूस वर्षभर फक्त एकच सिस्टिम बघतो, आपल्याकडं कार्टिंगच्या टीममध्ये दोन-तीन मेकॅनिक आणि त्यांच्या अंगावर पाच-सहा कार्ट, त्यामुळं हात कायम कमीच पडतात. जो वेळेवर येतो, सांगितलेलं करतो आणि मध्येच रीळ काढत बसत नाही त्याला काम मिळतंच.

माझी एंट्री अशीच झाली. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये टर्निंगचं काम बघायचो, ट्रॅकवर रेस बघायला गेलो आणि एका छोट्या टीमच्या तंबूपाशी जाऊन सरळ विचारलं, मदत लागेल का. त्यांचे मुख्य मेकॅनिक, त्यांना सगळे मामाच म्हणतात, त्यांनी माझे हात बघितले आणि म्हणाले, "लेथवरचा दिसतोस, मग मोजमाप तर कळत असणार, हे घे," आणि प्रेशर गेज आणि एक शंभरपानी वही हातात दिली. बाकी कशाला हात लावायचा नाही म्हणाले.

आता टायरची हवा मोजणं म्हणजे पेट्रोल पंपावरच्या पोराचं काम वाटतं लोकांना. पण कार्टमध्ये त्या एका आकड्यात अर्धी रेस असते, आणि मला जर कुणी विचारलं की व्हेइकल डायनॅमिक्स, म्हणजे पळताना गाडी कशी वागते ते, कुठं शिकलास तर मी त्या वहीचंच नाव घेईन.

समजा सकाळी थंड टायरमध्ये 12 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) भरून कार्ट ट्रॅकवर पाठवली. दहा मिनिटं फिरून आली की आतली हवा तापलेली असते आणि गेज चौदा-साडेचौदा दाखवतो. बरं, चारही चाकांना सारखं वाढत नाही. ज्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त तिथं डाव्या बाजूवर भार जास्त पडतो, ते टायर जास्त तापतात, म्हणून डाव्या बाजूला सुरुवातीलाच थोडी कमी हवा भरायची म्हणजे तापल्यावर चारही जवळपास एका रेषेत येतात. आणि कार्ट आत आली की लगेच मोजायचं, ड्रायव्हर हेल्मेट काढेपर्यंत तुमचं चारही चाकांचं लिहून झालेलं पाहिजे कारण टायर थंड व्हायला वेळ लागत नाही. दर वेळी त्याच क्रमानं मोजायचं, त्याच गेजनं मोजायचं, दोन गेज कधीच सारखं दाखवत नाहीत. टायर तंबूच्या कडेला ठेवले असतील आणि दोनांवर ऊन पडत असेल तर ते दोन बसल्या जागी तापतात, मग तुम्ही "थंड" म्हणून लिहिलेला आकडा थंड राहतच नाही. म्हणून टायर सावलीत आणि झाकून. कोल्हापुरात एप्रिलच्या दुपारी डांबराला हात लावून बघा, सकाळच्या सेशनची नोंद दुपारी जशीच्या तशी का चालत नाही ते लगेच समजेल.

एकदा काय झालं, ज्युनिअर गटातला आमचा मुलगा पहिल्या चार लॅप्स झकास मारायचा आणि नंतर मागं मागं पडत जायचा. घरच्यांना वाटलं दमतोय, कुणी म्हणालं इंजिन गरम होतंय. मामांनी पाना उचलायच्या आधी वही मागितली. तिच्यात तीन सेशनचे गरम आकडे होते, मागचे दोन टायर दर वेळी जास्तच वर जात होते. दाब फार वाढला की टायर मधोमध फुगतो, रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो आणि मागून घसरायला लागतं. घसरतो म्हणून अजून तापतो आणि तापतो म्हणून अजून घसरतो. मामांनी मागची हवा एक पीएसआयनं उतरवली. आता याची किंमत पण असते बरं का, सुरुवातीला दाब कमी म्हणजे पहिल्या दोन लॅप्स टायर चांगला धरत नाही आणि नेमकी तेव्हाच गर्दीत जागा जातात. क्वालिफायिंग, म्हणजे रेसला कोण कुठं उभं राहणार ते ठरवणारी फेरी, छोटं असतं म्हणून तिथं जास्त हवा भरून पाठवायचं, टायर पटकन तयार होतो, आणि लांब फायनलला कमी. त्या फायनलमध्ये तो मुलगा सुरुवातीला दोन जागा गमावून शेवटाकडं तीन कमावून आला. पाच-सहा ओळींच्या नोंदीतून हे झालेलं मी समोर उभं राहून बघितलं आणि मग मला तंबूतून हलायचंच नव्हतं.

हवा सोडून दुसरं काम मिळायला बराच वेळ गेला. मग चेन आणि स्प्रॉकेट, मागच्या स्प्रॉकेटचे दात वाढवले की वळणातून निघताना जोर जास्त आणि सरळ रस्त्यावर टॉप स्पीड कमी, हे तर सायकलवाल्याला पण कळतं. पेट्रोलमध्ये दोन टक्के ऑइल मोजून मिसळायचं, कारण रोटॅक्सचं 125 सीसी इंजिन टू-स्ट्रोक आहे. इंजिनला सील असतं, आत कुणी हात घालू शकत नाही, त्यामुळं सगळा खेळ चॅसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर येतो आणि कार्टचं चॅसिस ही फार देखणी गोष्ट आहे.

कार्टला सस्पेन्शन नाही आणि डिफरन्शिअलही (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी यंत्रणा) नाही. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड अॅक्सलवर, दोन्ही एकाच वेगानं फिरणार. पण वळणात आतल्या चाकाला कमी अंतर कापायचं असतं. मग ते घासत जाणार आणि कार्ट वळायलाच नको म्हणणार. यावर उपाय म्हणजे आतलं मागचं चाक वळताना जरासं उचललं गेलं पाहिजे! स्टिअरिंग फिरवलं की पुढच्या चाकांच्या कलामुळं आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं, बाहेरचं वर जातं, आणि नळ्यांची फ्रेम पिळली जाऊन मागचं आतलं चाक सुटतं. किती सुटावं आणि कधी टेकावं यासाठी सगळी खटपट: पुढची रुंदी स्पेसर टाकून बदला, मागचा अॅक्सल मऊ किंवा कडक लावा, सीट थोडी पुढंमागं करा. सीटसुद्धा फ्रेमचाच भाग आहे, ड्रायव्हरचं वजन तिच्यातूनच चाकांवर जातं. मी पुस्तकातून हे आधी वाचलेलं, पण ट्रॅकच्या जाळीला नाक लावून वळणात ते चाक बोटभर उचललेलं बघितलं तेव्हा खरं उमगलं. कॉम्प्युटरवर मॉडेल बनवणाऱ्या पोरांनी एक दिवस तरी त्या जाळीपाशी उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

अजून एक शिकण्यासारखं म्हणजे ड्रायव्हरचं ऐकणं. मायक्रो गटातली मुलं आठ-दहा वर्षांची, ती काय अंडरस्टिअर (पुढून पुरेसं न वळणं) म्हणणार, ती म्हणतात "मामा ती ऐकत नाही" किंवा "मागून नाचते". मग मामा खाली बसून विचारणार, वळणात शिरताना की बाहेर पडताना? ब्रेकवर पाय असताना की अॅक्सिलरेटर दिल्यावर? चार प्रश्नांत मूल अगदी नेमकं सांगतं. बाजूला वडील स्वतःचं मत देत असतात, त्यांना नम्रपणे चहाला पाठवणं हेही आमच्या मामांचं कौशल्य.

कार्टिंगच्या ओळखीतूनच पुढं कारीला जायला मिळालं, फॉर्म्युला एलजीबी फोर या उघड्या चाकांच्या एका सीटच्या रेसिंग गाड्यांच्या एका टीमबरोबर. ह्या गाडीत मारुती स्विफ्टचं 1300 सीसी इंजिन, नळ्यांची फ्रेम, सगळ्यांच्या गाड्या सारख्या. पुण्याहून कुर्ला-कोइम्बतूर गाडीत बसलो आणि जाताना त्या ट्रॅकची गोष्ट वाचत गेलो. एस. करिवर्धन हा कोइम्बतूरचा गिरणीवाल्या घरातला माणूस, ऐंशीच्या दशकात मारुती 800 च्या इंजिनावर त्यानं स्वस्तातली सिंगल सीटर बनवली, फॉर्म्युला मारुती, आणि नारायण कार्तिकेयनसारखी पोरं अशा गाड्यांवरच घडली. 1995 ला करिवर्धन विमान अपघातात गेला, पुढं ट्रॅकला त्याचं नाव दिलं. कोइम्बतूर म्हणजे पंप आणि फाउंड्रीचं गाव, आपलं कोल्हापूरही फाउंड्रीचंच. रेसिंग तिथं रुजलं त्यामागं शहरातले टर्नर, फिटर, वेल्डर आहेत असं माझं ठाम मत आहे आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या पोरांनी म्हणूनच या क्षेत्राकडं हक्कानं बघावं.

तिथल्या मेकॅनिकना अण्णा म्हणायचं. हिंदी त्यांना कमी, तमिळ मला शून्य, पण टॉर्क रेंच (नट ठरलेल्या जोरानंच आवळायचा पाना) दोघांनाही कळतो. तिथं मी कॉर्नर वेट, म्हणजे प्रत्येक चाकावर किती वजन येतं ते बघणं, शिकलो. गाडी चार वजनकाट्यांवर उभी करायची, ड्रायव्हर हेल्मेट घालून आत बसलेला, पेट्रोल रेसइतकं, आणि तिरप्या दोन चाकांची, म्हणजे पुढचं डावं अधिक मागचं उजवं, बेरीज एकूण वजनाच्या निम्म्याजवळ आणायची. पुढच्या उजव्या स्प्रिंगची बैठक वर केली की पुढचं उजवं आणि मागचं डावं दोन्ही जड होतात, खुर्चीच्या एका पायाखाली पुठ्ठा घातल्यासारखं. एक नट फिरवला की चारही आकडे हलतात. अण्णा मला आकडे वाचायला लावायचे आणि कुठला नट किती फिरवायचा ते मीच आधी सांगायचं, मग ते हो किंवा नाही म्हणायचे.

बाकी तिथली कामं म्हणजे ब्रेकमधली हवा काढणं, प्रत्येक चाकाचा नट टॉर्क करून त्यावर रंगाची रेघ मारणं, स्क्रूटिनीला (रेसआधीच्या तांत्रिक तपासणीला) गाडी ढकलत नेणं, पिट बोर्ड (ड्रायव्हरला निरोप दाखवायची पाटी) धरणं, आणि झाडू मारणं. झाडू मारणं मी मुद्दाम लिहितोय. पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्यांवर काम होतं त्या जागेत) पडलेला एक बोल्ट टायर फाडू शकतो.

टीममध्ये लगेच जमत नसेल तर मार्शल, म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणारा माणूस, म्हणून जा. क्लबं ट्रेनिंग देतात, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब तर 1953 पासूनचा आहे. पिवळा झेंडा म्हणजे पुढं धोका, ओव्हरटेक नको, लाल-पिवळे पट्टे म्हणजे रस्ता निसरडा, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, काळ्यावर नारिंगी गोल म्हणजे तुझ्या गाडीत काहीतरी बिघाड, आत ये. एकाच वळणावर दिवसभर उभं राहिलं की कोण लवकर ब्रेक मारतो, कुणाची गाडी कशी बसते, हे टीमवाल्यांना दिसत नाही तेवढं तुम्हाला दिसतं.

कॉलेजच्या बाजा किंवा फॉर्म्युला भारत (विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवून उतरायच्या स्पर्धा) या स्पर्धांच्या टीममध्ये असाल तर उत्तमच, डिझाइन आणि टीमवर्क तिथं मिळतं. पण तिथं गाडी वर्षभर बनते आणि थोडेच दिवस पळते. रेस टीममध्ये बनलेली गाडी दर सेशनला पळते, दोन सेशनच्या मध्ये मोजका वेळ, आणि त्यात ठरवायचं काय बदलायचं. दोन्ही करा.

आता पैशाचं. फुकट काम करावं का, यावर माझं स्पष्ट मत आहे: पहिला सीझन करावं, त्यात शिकायचं असतं आणि तुमच्यामागं कुणाचा तरी वेळ जात असतो. पण पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचारून घ्या, जेवण मिळणार का, राहायची सोय काय, आणि पास तुमच्या नावावर आहे का. गेटवर इंडेम्निटी फॉर्मवर (अपघात झाला तर आयोजकांवर जबाबदारी नाही, असं लिहून देण्याच्या कागदावर) सही घेतात, तो वाचून सही करा आणि स्वतःचा अपघात विमा असू द्या. बूट बंद, कपडे सुती, कानात बोळे. कुठल्याही टीमनं जर झोप न देता रात्रभर राबवून दुसऱ्या दिवशी ब्रेक लाइनवर काम करायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा, तिथं ड्रायव्हरचा जीव असतो.

आणि एकदा तुमच्या हातचं काम कुणी परत तपासत नाही असं दिसलं की फुकट थांबवा. सीझन संपताना बसून बोला, तारखा सांगा, आकडा सांगा. मला दुसऱ्या सीझनला तिकीट आणि राहणं मिळालं, त्याच्या पुढच्या वर्षापासून वीकेंडच्या हिशोबानं पैसे. आपणहून कुणी दिले नव्हते, मी वही घेऊन मामांसमोर बसलो आणि मागितले, मामांनी टीम मालकांना फोन लावला आणि माझ्यासमोरच माझी बाजू मांडली.