लाल पाऊच: पुणे ते मालवण, सायकलवर

निघायच्या आदल्या रविवारी वहिनी आमच्याकडे आली, चहा नको म्हणाली आणि थेट पलंगावर मांडलेल्या माझ्या पसाऱ्यापाशी गेली. वहिनी अठ्ठावीस वर्षं नर्स आहे. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, माझ्याबरोबर नऊ दिवस सायकलवर येणार होता. त्यामुळे तपासणी होणार हे ठरलेलंच होतं.

मी अभिमानाने औषधांची पेटी उघडून दाखवली. वजन केलं होतं, एक किलो चारशे ग्रॅम. वहिनीने पहिल्यांदा कापसाचा गुंडाळा उचलला.

"हे कशाला?"

"जखमेवर ठेवायला."

"उघड्या जखमेवर कापूस? तंतू चिकटून बसतात आणि दुसऱ्या दिवशी काढताना खपलीसकट सगळं निघतं. हा घरी देवापुढे ठेव, वाती होतील."

मग ऑनलाइन मागवलेला सर्पदंशाचा पंप उचलला. विष ओढून काढणारा, डब्यावर छानसं चित्र असलेला. मला वाटलं होतं निदान याचं तरी कौतुक होईल. कोकणात फुरसं असतं, घोणस असते, रात्री मुक्कामाला पोचायला उशीर होऊ शकतो, असं मी सांगू लागले. वहिनीने पंप सरळ केराच्या डब्यात टाकला. "असं ओढून विष निघत नाही. वर कातडी सुजते आणि वेळ जातो तो वेगळाच. चिरायचं नाही, दोरी आवळून बांधायची नाही, अंगठ्या-कडं असेल तर काढायचं, माणसाला चालू न देता गाडीत घालायचं आणि सरकारी दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही विषांवर एकच लस असते, पण ती सलाइनमधून द्यावी लागते आणि कधी कधी तिचीच रिअ‍ॅक्शन येते. ती काही पाऊचमध्ये नेता येत नाही." सापावर सायकलस्वाराजवळ असावं असं औषध एकच, म्हणाली: चार्ज केलेला फोन आणि त्यात १०८ नंबर.

अँटिबायोटिकची दोन पाकिटं गेली. घशाच्या गोळ्या गेल्या. पोट बांधणारी गोळी राहिली, पण ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर ती घ्यायची नाही या दमासकट. अंगदुखीच्या जोरदार गोळ्या काढून तिने साध्या पॅरासिटामॉलची पट्टी ठेवली. उन्हात घाम गाळून पाणी कमी पडलेल्या अंगाला त्या दुसऱ्या गोळ्या किडनीच्या मुळावर येऊ शकतात म्हणे. हे मला खरंच ठाऊक नव्हतं. प्रत्येक लांब राइडनंतर मी ती गोळी चण्यासारखी खात आले होते.

मग तिने स्वतःच्या पिशवीतून वस्तू काढल्या. जाळीची तुपकट पट्टी, जिला मेडिकलमध्ये पॅराफिन गॉझ म्हणतात. सुई नसलेली वीस मिलीची सिरिंज. हातमोज्यांचे दोन जोड. रोलर बँडेज, एक रुंद क्रेप बँडेज, कागदी चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, चिमटा, पोव्हिडोन आयोडीनच्या मलमाची ट्यूब, सेट्रिझिन, ओआरएसची चार पाकिटं, सेफ्टी पिना. तिची जुनी सुती ओढणी. "सायकलवरून पडलं की माणूस हात पुढे टाकतो आणि इथलं हाड मोडतं," तिने गळ्याखालच्या हाडावर बोट ठेवलं. "हात झोळीत बांधायला यापेक्षा बरं काही नाही. एरवी डोक्याला गुंडाळा." आणि शेवटी पाच रुपयांची साबणाची वडी.

"साबण तर आहे माझ्याकडे."

"तो अंघोळीचा. हा कुत्र्याचा."

सगळं लाल रेक्झिनच्या पाऊचमध्ये मावलं. चारशे ऐंशी ग्रॅम.

डिसेंबरच्या पहाटे पाचला निघालो. ताम्हिणी घाटाबद्दल इतक्यांनी इतकं लिहिलं आहे की मी भर घालत नाही. गारठा होता, मुळशीच्या पाण्यावर धुकं होतं आणि उताराला बोटं ब्रेकवर आखडली. शंभरेक किलोमीटर करून माणगावला पोचलो. तिथल्या हायवेवर महाडची पाटी दिसली. लाल विंचू चावल्यावर माणसं हृदय निकामी होऊन दगावत, तेव्हा ज्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून ती वाचवायला सुरुवात केली ते डॉ. हिंमतराव बावस्कर याच महाडचे. हे भाच्याला सांगितलं, तर त्या रात्री त्याने लॉजच्या खोलीतही बूट उलटे करून आपटले. पुढे आठही दिवस सकाळी आपटत राहिला. चांगलीच सवय आहे, मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. डिसेंबर असला तरी कोकणातलं अकराचं ऊन आणि दमट हवा. म्हसळ्याच्या चढावर माझं डोकं ठणकायला लागलं, हातावर मिठाची पांढरी रेघ उमटली. ओआरएसचं पाकीट फोडून सायकलच्या बाटलीत ओतलं. ती बाटली साडेसातशे मिलीची आणि पाकीट एक लिटरचं. चव जड लागली तेव्हा लक्षात आलं, आणि वहिनीला फोन केला.

"फेक ते."

"अगं, जरा दाट झालंय इतकंच."

"दाट म्हणजे जास्त गुणाचं असं नसतं. मीठ-साखर ठरलेल्या मापात असली की आतडं पाणी आत घेतं. दाट केलंस तर उलट अंगातलं पाणी आतड्यात उतरतं. लिटरची बिसलेरी घे, तिच्यात अख्खं पाकीट टाक आणि हळूहळू पी."

श्रीवर्धनला लिटरची बाटली घेतली आणि तीच पुढे मालवणपर्यंत कॅरिअरला बांधून नेली. वाटेत कोकम सरबत दिसेल तिथे थांबलो ते वेगळं. ते औषध नव्हे, पण मीठ घालून मागितलं तर भर उन्हात त्याच्यासारखं दुसरं काही नाही, आणि याबाबतीत मी वहिनीचंही ऐकणार नाही.

पाऊच कुठे ठेवला हे अजून सांगितलं नाही. मुद्दाम नाही सांगितलं, कारण लाज वाटते. रोज लागणारी वस्तू नाही म्हणून मी तो उजव्या पॅनिअरच्या, म्हणजे चाकाच्या बाजूला लटकणाऱ्या पिशवीच्या, अगदी तळाशी कोंबला होता. त्यावर स्लीपिंग बॅगचं अस्तर, त्यावर कपडे, त्यावर सुकेळ्यांचा पुडा.

तिसऱ्या दिवशी बागमांडल्याहून जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, वेसवीला उतरलो. तासाभरात एका वाडीच्या वळणावर दोन कुत्री मागे लागली. पळायचं नाही, उतरायचं, सायकल मध्ये धरायची, एवढं भाच्याला जमलं आणि कुत्री भुंकून परत गेली. चावली असती तर तो साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं, मग ताबडतोब दवाखाना आणि रेबीजच्या लसीचा पूर्ण कोर्स. साधा ओरखडा असला तरी. रेबीज एकदा अंगात उठला की त्यावर इलाज नाही. त्या वडीचा कागद शेवटपर्यंत फाडावा लागला नाही, पण पुढच्या प्रवासातही ती असेल.

केळशी झाली. आडे, पाडळे ओलांडून आंजर्ल्याकडे निघालो. हा रस्ता कोकणातल्या माझ्या आवडत्या तुकड्यांपैकी. डावीकडे जांभ्याचा कातळ, उजवीकडे खाली समुद्र, आणि एकामागून एक छोटे पण छातीत धडकी भरवणारे चढउतार. अशाच एका उतारावर वळणात जांभ्याची बारीक खडी सांडलेली होती. भाचा माझ्यापुढे वीसेक फुटांवर. त्याने पुढचा ब्रेक दाबला, चाक सरकलं, आणि तो डाव्या अंगावर घसरत गेला. आवाज फारसा झाला नाही. पत्र्यावरून पोतं ओढावं तसा.

मी पोचले तेव्हा तो उठायला बघत होता. "बस तिथेच," मी ओरडले. मागून गाडी येऊ नये म्हणून माझी सायकल वळणाच्या अलीकडे आडवी टाकली. हेल्मेट पाहिलं, ओरखडा नव्हता. मान दुखत नव्हती, हातपाय हलत होते.

"सकाळी काय खाल्लंस?"

"पोहे. आणि माझा पापड तू खाल्लास."

डोकं ठिकाणावर होतं.

हातमोज्यामुळे तळवा वाचला होता. पण कोपरापासून मनगटापर्यंत साल निघालेलं, मांडीला तळहाताएवढा चट्टा, आणि सगळ्यात लाल माती. रक्त झिरपत होतं, वाहत नव्हतं. आता पाऊच. मी पॅनिअर उघडून रस्त्यावर उपसू लागले. सुकेळी, टीशर्ट, चार्जर, स्लीपिंग बॅगचं अस्तर. माझा हात थरथरत होता आणि पिशवीला तळच लागेना. दीड-दोन मिनिटं गेली असतील, पण त्यात माझे अंतर्वस्त्रांसकट सगळे कपडे आंजर्ल्याच्या रस्त्यावर पसरले. नेमक्या तेव्हाच वरच्या घरातून एक आजी खाली आल्या.

त्यांच्या मुठीत चुरगळलेला दगडीपाला होता. "याचा रस पिळ गो, रक्त थांबतं," म्हणाल्या. लहानपणी माझ्या गुडघ्यांवर याच पाल्याचा रस किती वेळा पिळला गेलाय. पण आत माती अडकलेली होती. म्हटलं, "आजी, आधी धुऊन तर घेऊ दे. पाणी मिळेल?" त्या रागावल्या नाहीत. कळशीभर पाणी आणि तांब्या घेऊन आल्या. पिण्याचंच ना, एवढं विचारून घेतलं.

मग त्या वीस मिलीच्या सिरिंजचं महत्त्व कळलं. नुसतं तांब्याने ओतलं तर पाणी वरून वाहून जातं, खडे तसेच राहतात. सिरिंज भरायची, जखमेच्या जवळ धरायची आणि जोरात दाबायची. धारेखाली मातीचे कण एकेक सुटून लालसर ओघळात खाली येतात. भाचा शिव्या देत होता, आजींसमोर, आणि आजी "दे, दे, बरं वाटेल" म्हणत होत्या. पंचवीस-तीस वेळा तरी भरली असेल. शेवटी मनगटाजवळ दोन काळपट खडे राहिले, ते चिमट्याने. ते राहिले असते तर कातडी वरून भरते आणि आत निळसर डाग कायमचा गोंदल्यासारखा राहतो.

मलमाचा पातळ हात, त्यावर तुपकट जाळी, वर कोरडा गॉझ, वर रोलर बँडेज. बोटं गार पडत नाहीत ना, नख दाबून सोडलं की लाली परत येते ना, ते पाहिलं. हे सगळं करायला अर्धा तास लागला, आणि त्यात औषध म्हणावं असं फारच थोडं होतं. बहुतेक पाणीच.

वहिनीला फोन करणं भाग होतं. ती एक मिनिट काही बोलली नाही. मग विचारलं, "धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंय त्याने?" शाळेत, सोळाव्या वर्षी. आता तो बावीसचा. मातीत माखलेल्या जखमेला शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटून गेली असतील तर परत घ्यायचं, असा हिशेब. ते संध्याकाळी सरकारी आरोग्य केंद्रात घेतलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पट्टी उघडून पाहिली, "कुणी धुतली?" विचारलं आणि परत बांधली. मी उगाचच कपाळावरचा घाम पुसला.

आंजर्ल्याला एक दिवस थांबलो. कड्यावरच्या गणपतीला चालत गेलो, हर्णैच्या बंदरावर लिलाव पाहिला, पाच वर्षांपूर्वी पाहिला होता तितकाच गोंगाटाचा. पाऊच आता हँडलबारवरच्या पिशवीत, सगळ्यात वर. त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दोघांची नावं, रक्तगट, अ‍ॅलर्जी आणि घरचे नंबर लिहिलेला कागद. तो कागद वहिनीने पहिल्याच दिवशी लिहून दिला होता. मी तो पाकिटात ठेवला होता, पाकीट खिशात, आणि खिसा जाकिटाचा. म्हणजे मी बेशुद्ध पडले असते तर कुणाला सापडला नसता.

दाभोळची जेटी, धोपावे, गुहागर. आता माझी पाळी. पाचव्या दिवशी मला बूड टेकवेना. सॅडलवर घासून मांडीच्या आतल्या बाजूला पुरळ उठलं होतं. सायकलच्या चड्डीखाली दुसरी चड्डी घालायची नसते, शिवण काचते, हे मी इतरांना सांगत फिरते. पेट्रोलियम जेली मात्र "दोन दिवसांनी लावू" म्हणून काढलीच नव्हती. पुरळ उठल्यावर काढली, आणि गुहागरला ती संपली. किराणा दुकानात विचारलं, तर दुकानदारीणबाईंनी खोबरेल तेलाची छोटी बाटली पुढे केली. कशाला हवंय हे त्यांनी विचारलं नाही, माझ्या चालण्यावरून कळलं असावं. रोज संध्याकाळी धुऊन, कोरडं करून, कोरडे कपडे. वेळणेश्वर, हेदवी, तवसाळची जेटी, जयगड, गणपतीपुळे, एवढं अंतर अर्ध्याहून जास्त उभ्याने पॅडल मारत कापलं. उजव्या करंगळीला मुंग्या येत होत्या त्या हँडलवरची पकड सारखी बदलत राहिल्यावर गेल्या.

भाच्याची पट्टी रोज रात्री मी बदलायची. जाळी अलगद सुटायची, तेव्हा दर वेळी मला तो कापसाचा गुंडाळा आठवायचा. पावस, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड. कुणकेश्वरला पोचेपर्यंत मांडीचा चट्टा गुलाबी, कोरडा झाला होता. कडेने लाली पसरतेय का, हात लावला तर गरम लागतोय का, ताप आहे का, हे तीन प्रश्न वहिनी रोज फोनवर विचारायची. नवव्या दिवशी दुपारी आचऱ्यावरून मालवणात शिरलो.

पाऊचमधलं निम्म्याहून जास्त सामान तसंच परत आलं. ओढणी भाच्याने डोक्याला गुंडाळली ती शेवटपर्यंत. क्रेप बँडेज, सेट्रिझिन, पोटाची गोळी, साबण, काहीच उघडलं नाही. संपलं ते गॉझ, चिकटपट्टी, ओआरएस. पुढच्या वेळी ही तिन्ही दुप्पट आणि बाकी एवढंच.

पुण्याला परतलो तेव्हा स्वारगेटला वहिनी उभी होती. लेकाच्या गळ्यात पडण्याआधी तिने त्याचा हात उलटा करून पट्टीची कड उचलली. "चिकटलं नाही," म्हणाली. मग माझ्या हँडलवरून लाल पाऊच काढून तिथेच बाकावर उघडला आणि एकेक वस्तू मोजली.

"कात्री कुठंय?"

मालवणी खाजाचा पुडा फोडायला काढली होती. मालवणच्या लॉजवर, टीव्हीशेजारी राहिली.