कल्हईच्या निमित्ताने जुन्या नाशकात

पुण्याहून निघालेली एसटी नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करत द्वारका चौकात सोडते, तोवर कंबरेचा काटा ढिला झालेला असतो. नाशकात येणारे रामकुंड बघतात, काळाराम बघतात, मिसळ खातात. मी पंचवटीत मावशीकडे गेले आणि माझ्या वाट्याला आली दोन पितळी पातेली आणि एक कढई. कल्हई उडाल्यामुळे आमटी कळकत होती, आणि दारावर येणारा कल्हईवाला करोनानंतर फिरकलाच नव्हता.

"दूध बाजाराकडे एक जण बसतो म्हणे," मावशी म्हणाली. मग आवाज खाली आणून, "पण वस्ती त्यांची आहे. पर्स पुढे धर, आणि उन्हं उतरायच्या आत ये."

मावशी चाळीसेक वर्षं नाशकात आहे. होळकर पूल ओलांडून रविवार कारंजाला असंख्य वेळा गेली असेल, पण तिथून चालत जाता येईल अशा दूध बाजारात तिने एकदाही पाऊल टाकलेलं नाही. मी तिला मनात हसले. भद्रकालीच्या पुढे गेल्यावर पर्स मात्र पुढे घेतली, तेही सांगून टाकते.

कल्हईवाले चाचा बोळाच्या तोंडाशी भट्टी लावून बसले होते. मी माझं ठेवणीतलं हिंदी काढलं, "चाचा, ये भांडी को कल्हई करने का है."

त्यांनी पातेलं उलटंपालटं केलं. "खालून चेपलंय हे. आणि मराठीत बोला की ताई, तुमच्या हिंदीने भट्टी विझेल."

शाहीर अमर शेखांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा पेटायच्या, हे मी शाळेत असताना ऐकलेलं. याच जुन्या नाशकात कोकणीपुरा आहे, आणि कोकणी मुसलमान घरात मराठीच्याच वळणाची बोली बोलतात, हेही माहीत होतं. तरी समोर दाढी आणि टोपी दिसली की माझी जीभ आपोआप हिंदीवर जाते. समोरच्याची भाषा मी चेहऱ्यावरूनच ठरवून टाकते.

"पुण्याच्या ना?" त्यांनी विचारलं.

"कसं ओळखलंत?"

"भांडं खाली ठेवायच्या आधी भाव विचारलात."

म्हणजे ठरवून टाकण्यात तेही मागे नव्हते.

कल्हई होताना बघत बसावं अशी गोष्ट आहे. भांडं तापलं की नवसागराची चिमूट आत पडते आणि पांढरा धूर नाकात जाऊन ठसका लागतो. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची. ते पाण्यासारखं वितळतं, आणि कापसाचा बोळा गर्रकन फिरला की काळवंडलेलं पितळ चांदीसारखं होतं. शेवटी पाण्यात चर्रर्र. चाचांचा हात मिनिटभरही थांबत नाही. तोंडही नाही. महापालिका, गॅसचा भाव, जावई, सगळ्यांचा उद्धार चालू.

चारला देतो म्हणाले होते, दिली साडेसहाला. खरं सांगायचं तर मला एक प्रेमळ, शांत, लिहायला सोयीचा चाचा हवा होता. मिळाला तो वेळ न पाळणारा, तिरकस बोलणारा म्हातारा. आमच्या आळीतल्या शिंप्याची आठवण आली.

पुढे २०२५ मध्ये गेले ती रंगपंचमीला. त्या वर्षी ती रमजानात आली होती. जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाचे हौद, उघडल्या होत्या, रंगाच्या पाण्यात पोरं धप्पा मारत होती, रस्ते तुडुंब. चाचा भट्टीपाशी, रोजा धरून. "पाणीसुद्धा नाही?" मी विचारलं. हा प्रश्न त्यांनी हजारदा ऐकला असणार. "नाही, भट्टी पिते माझ्या वाटचं," म्हणाले. मग रहाडीच्या आवाजाकडे मान वळवून, "लहानपणी तिवंध्याच्या रहाडीत मीही उडी मारलीय. अब्बांनी तसंच ओलं दाराबाहेर उभं केलं होतं. रंगासाठी नाही, शाळेचा सदरा होता अंगावर."

मी घरी येऊन ते मावशीला सांगितलं. ती काही बोलली नाही. कढई उजेडात धरून म्हणाली, "काठाला कल्हई लागलीच नाहीये. सांग त्याला."

चाचांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "मावशींना म्हणावं, येऊन बोट ठेवून दाखवा."

हे मावशीला झोंबलं. या दिवाळीच्या आधी ती स्वतः रिक्षात बसली, कढई मांडीवर. अर्धा तास दोघं काठावरून भांडले. चाचांनी काठ फुकट करून दिला आणि नव्या पातेल्याला पन्नास जास्त लावले. परतताना सारडा सर्कलला सिग्नल लागला, तेव्हा मावशीच्या ते लक्षात आलं.

"लबाड आहे मेला," ती म्हणाली. पर्स सीटवर कुठेतरी पडली होती. "पुढच्या खेपेला आईचं घंगाळ नेऊ. बघू किती सांगतो ते."