सस्कॅचवानच्या नॉमिनेशनवर कॅनडाचं पीआर: माझा अनुभव

२०२१ साली भारतात बसून कॅनडाच्या पीआरची (कायमच्या वास्तव्याच्या परवानगीची) वाट पाहणाऱ्यांची अवस्था मोठी विचित्र होती. एक्स्प्रेस एंट्रीच्या पूलमध्ये, म्हणजे गुणांवरून अर्जदार निवडायच्या केंद्र सरकारच्या यादीत, नाव होतं, आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सीएलबी ९ (कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवरची वरची पातळी) मिळाला होता, पण बोलावणं यायची चिन्हंच नव्हती. फेडरल स्किल्ड वर्करवाल्यांना, म्हणजे बाहेरदेशी काम केलेल्या आमच्यासारख्यांना, घेणारे ड्रॉ (निवडीच्या फेऱ्या) डिसेंबर २०२० नंतर जे थांबले, ते जुलै २०२२ मध्ये सुरू झाले. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२१ मध्ये, कॅनडात आधीपासून काम करणाऱ्यांसाठी एक ड्रॉ निघाला आणि त्याचा कटऑफ होता अवघा ७५! सत्तावीस हजारांहून जास्त लोकांना एका दिवसात आमंत्रणं गेली. माझे गुण साडेचारशेच्या आसपास होते, पण मी पुण्यात होतो.

प्रांतांचे ड्रॉ मात्र चालू होते. एखाद्या प्रांताने तुम्हाला नॉमिनेट केलं, म्हणजे आपल्याकडे राहायला तुमची शिफारस केली, की सीआरएसमध्ये (एक्स्प्रेस एंट्रीच्या गुणपद्धतीत) थेट ६०० गुण वाढतात. एकूण गुणच १२००, त्यामुळे पुढचं आमंत्रण जवळजवळ ठरल्यासारखं असतं. पीएनपी, म्हणजे प्रांतांच्या नॉमिनेशन कार्यक्रमाच्या, ड्रॉचे कटऑफ सातशेच्या आगेमागे दिसतात ते याचमुळे. ते बघून घाबरायचं कारण नाही. क्विबेकची पद्धत वेगळी आहे आणि नुनावुतला असा कार्यक्रमच नाही, बाकी प्रत्येक प्रांताचे आणि टेरिटरीचे आपापले नियम आहेत. मी सस्कॅचवान निवडलं, कारण तिथे एक्स्प्रेस एंट्रीशी जोडलेल्या गटात जॉब ऑफरची अट नव्हती आणि माझं काम, म्हणजे कारखान्यातली खरेदी, त्यांच्या वगळलेल्या व्यवसायांच्या यादीत नव्हतं. त्यांचा गुणतक्ता तेव्हा ११० चा होता, पात्रतेला ६० लागायचे. त्यातले ३० प्रांताशी असलेल्या नात्यागोत्याचे आणि आधीच्या शिक्षण-नोकरीचे. तिथे आमची पाटी कोरी. आधी एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट भरायचं, त्यांच्या ड्रॉमध्ये निवड झाली की मग खरा अर्ज.

इंग्रजीची परीक्षा, डब्ल्यूईएस या संस्थेकडून पदवीचं मूल्यमापन वगैरे सगळे करतातच, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट मिळायला वेळ लागतो, ते काम सगळ्यात आधी सुरू करा, एवढंच.

जीव काढला तो अनुभवपत्राने. तिकडच्या अधिकाऱ्याला नुसतं पद आणि तारखा चालत नाहीत. आठवड्याचे तास, पगार, कामाचं पूर्णवेळ स्वरूप आणि प्रत्यक्ष जबाबदाऱ्या, हे सगळं लेटरहेडवर सहीशिक्क्यासह लागतं. माझ्या आधीच्या कंपनीचं एचआर म्हणालं, "आमच्या फॉरमॅटमध्ये जबाबदाऱ्या नसतात." आणि फॉरमॅट म्हणजे काय, तर ‘त्यांनी आमच्याकडे अमुक ते अमुक काळात काम केले, त्यांना शुभेच्छा’. त्या शुभेच्छांचा कॅनडाला काय उपयोग? शेवटी तेव्हाचे माझे साहेब, जे आता दुसरीकडे होते, त्यांना गाठलं. त्यांनी स्वतः प्रतिज्ञापत्र करून दिलं: मी कुठला माल घ्यायचो, पुरवठादार कसे निवडायचो, दर कोण ठरवायचं, करारावर सही कुणाची. सोबत नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि कंपनीने पत्र का दिलं नाही याचा खुलासा जोडला. चाललं. कंपनी नाही म्हणाली म्हणून तो अनुभवच गाळणारे लोक मला भेटले आहेत. गाळू नका, दुसरा पुरावा उभा करा.

तिकडे गेल्यावर राहायला पुरेसा पैसा आहे, याचं बँकेचं पत्र लागतं. तिथेही तोच प्रकार. खातं कधी उघडलं, आजची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी आणि अंगावर कर्ज किती, हे सगळं एकाच पत्रात हवं असतं. सरासरी लिहून द्यायला शाखेतले तयार नव्हते. "सिस्टीममध्ये येत नाही." मग मी स्टेटमेंटवरून काढलेला हिशोब घेऊन गेलो, त्यांनी कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिला आणि टाईप करून दिला. हा पैसा उसना चालत नाही. घरच्यांनी दिला असेल तर तसं गिफ्ट डीड लागतं.

नॉमिनेशन आलं. ते ३० दिवसांत स्वीकारायचं असतं. पुढच्या पीएनपी ड्रॉमध्ये आयटीए (अर्ज करायचं आमंत्रण) आला आणि तिथून ६० दिवसांत सगळी कागदपत्रं अपलोड. हे साठ दिवस फसवे असतात. पासपोर्ट कार्यालयातून पीसीसी (पोलिसांचा दाखला) आणि कॅनडा सरकारच्या पॅनेलवरच्या डॉक्टरांकडे मेडिकल, दोन्ही याच काळात बसवावं लागतं. फी तेव्हा मोठ्या माणसामागे १,३२५ डॉलर होती, बायोमेट्रिक्स वेगळं. नंतर फक्त वाट पाहणं. सहा महिन्यांत निकाल असं म्हणतात. त्या वर्षी फाइली तुंबल्या होत्या, आम्हाला बराच जास्त काळ लागला. या काळात फोनवर दर तासाला ॲप उघडून बघण्याचा काहीही फायदा नसतो. तरी सगळे बघतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. अर्ज करतानाच "पोचलो की टोरांटो गाठू" असं ठरवून निघणारे बरेच असतात, आणि एजंटही तसंच सुचवतात. पीआर मिळाल्यावर देशात कुठेही राहण्याचा हक्क तिथल्या राज्यघटनेनेच दिला आहे, हे खरं. पण अर्जात तुम्ही त्या प्रांतात राहण्याचा इरादा लिहून दिलेला असतो. तो मुळातच खोटा होता असं सिद्ध झालं तर ती दिशाभूल ठरते, आणि दिशाभुलीला पाच वर्षांची बंदी आहे. मला ते नैतिकदृष्ट्याही पटत नाही. ज्या प्रांताने आपल्या मोजक्या जागांतली एक दिली, त्याच्याकडे निदान नोकरी तरी शोधावी.

आम्ही नोव्हेंबरात सॅस्काटूनला उतरलो. गाड्यांच्या बोनेटमधून विजेचा प्लग लोंबताना पाहिला, तेव्हा ही काय भानगड म्हणून विचारलं. इंजिन गोठू नये म्हणून रात्री गाडीला वीज लावतात म्हणे. ओंटारियोतले नातेवाईक सहा महिने "इकडे या" म्हणत राहिले. पण शेती आणि पोटॅशच्या (खतासाठीच्या खनिजाच्या) या मुलुखात यंत्रांचे सुटे भाग खरेदी करणारा माणूस लागतोच. एका ट्रॅक्टर-विक्रेत्याच्या गोदामात स्टॉक मोजण्यापासून सुरुवात केली, वर्षभरात खरेदीच्या टेबलावर आलो.

२०२५ साठी केंद्र सरकारने पीएनपीचं लक्ष्य ५५,००० वर आणलं, आधीच्या वर्षी ते १,१०,००० होतं. त्यामुळे माझ्या वेळचे गट आणि कटऑफ धरून चालू नका, प्रांताच्या अधिकृत संकेतस्थळावरची आजची यादी बघा. अनुभवपत्राचा नमुना मात्र बरेच जण मागतात. मुद्द्यांची यादी मी पाठवतो, मजकूर पाठवत नाही. जबाबदाऱ्या ज्याच्या त्याने स्वतःच्या कामातूनच लिहायला हव्यात.